वस्तऱ्याचे पाणी

कोकण किनाऱ्यावर लोखंडाला आयुष्य थोडे. हरिहरेश्वर, श्रीवर्धन, दिवेआगर या पट्ट्यात ज्यांचे घर आहे त्यांना हे सांगायला नको. दाराची कडी, रहाटाची साखळी, विळीचे पाते, काहीही घ्या. एक पावसाळा तेलाविना राहू द्या आणि मग बघा. हरिहरेश्वरला देवळामागच्या टेकडीवरून प्रदक्षिणेची वाट समुद्राकडे उतरते. ओहोटी बघून त्या वाटेने खाली गेलात, तर काळ्या कातळाला मधाच्या पोळ्यासारखी जाळी पडलेली दिसते. खारे पाणी दगडाच्या बारीक छिद्रांत शिरते, वाळते, मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगडाचा कण न् कण सुटत जातो. जिथे कातळाची ही गत, तिथे लोखंडाची काय कथा!

अशा या मुलखात पुष्कळ घरांच्या माळ्यावर एखादी जुनी पेटी असते, आणि त्या पेटीत कधी कधी एक वस्तरा निघतो. कुणाचे आजोबा रोज सकाळी ओटीवर आरसा टांगून स्वतःच्या हाताने दाढी करीत. कुणाच्या घरी पिढ्यान् पिढ्या नाभिकाचा व्यवसाय. तिथे तर अख्खी धोकटीच जपून ठेवलेली असते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर येऊन आदळले. छपरे उडाली, माळे उघडे पडले, पेट्यांत पाणी शिरले. तेव्हाचे भिजलेले सामान नंतर कधी तरी उन्हात काढताना वस्तरा हाती आला तो तांबड्या गंजाने माखलेला. आता याचे करायचे काय?

घरातला तरुण मुलगा म्हणतो, ‘त्यात काय! ग्राइंडर आहे ना आपल्याकडे. दोन मिनिटांचं काम.’ आजकाल हातात मावेल एवढे फिरते विजेचे यंत्र घरोघर आले आहे. दुकानात त्याला रोटरी टूल किंवा मिनी ग्राइंडर म्हणतात. पुढच्या टोकाला हवे ते बसवा: घासायचा दगड, तारेचा ब्रश, कापायची चकती, चकाकी आणणारे कापडी चाक. यंत्र उपयोगाचे आहे, यात वाद नाही. पण वाचकहो, माझे सांगणे एवढेच की ते वस्तऱ्याजवळ आणू नका. का आणू नये, ते आता सांगतो. नुसते ‘नको’ म्हटलेले कुणाला पटत नाही, आणि पटूही नये.

पहिली गोष्ट अशी की धार ही सगळीकडे एक नसते. आपल्याच घरातली हत्यारे बघा. नारळाची झावळी तोडायचा कोयता घ्या. त्याला जाड, दणकट धार लागते. घाव बसला की तिने वळता कामा नये. विळीची धार त्याहून बारीक. श्रीवर्धनची रोठा सुपारी कातरायचा अडकित्ता आणखी वेगळा. त्याला जोर सोसायचा असतो आणि कडकपणाही हवा असतो. या तिघांची धार थोडी खडबडीत राहिली तरी बिघडत नाही. उलट विळीला किंचित खरखर असली तर टोमॅटो चांगला चिरला जातो.

वस्तऱ्याचे तसे नाही. त्याला गालावरून जायचे असते. केस कापायचा आणि कातडीला स्पर्श न झाल्यासारखे निघून जायचे, असे त्याचे काम. आपला केस साधारण पाच ते दहा शतांश मिलिमीटर जाड असतो. चांगल्या लावलेल्या वस्तऱ्याची अगदी टोकाची कड ही त्या केसाच्याही शंभराव्या हिश्श्याइतकी, किंवा त्याहून बारीक असते. डोळ्याला ती दिसत नाही. तुम्हाला चमकते ती धारेजवळची बाजू. प्रत्यक्ष धार चमकतच नाही. उजेडात धरल्यावर कडेवर पांढरा ठिपका दिसला, तर समजावे की तिथे धार गेली आहे.

ही कड टिकते कशावर? दोन गोष्टींवर. एक त्या पोलादाचे पाणी, आणि दुसरी त्या पात्याचा घाट. फिरते यंत्र या दोन्हींवर घाला घालते, म्हणून दोन्हींचा थोडा विचार करू.

‘पाणी’ हा आपला जुना शब्द किती नेमका आहे पाहा. लोहार कोयत्याला पाणी देतो म्हणजे काय करतो? तापून लाल झालेले पाते एकदम पाण्यात किंवा तेलात बुडवतो. वस्तऱ्याच्या पोलादात कार्बन असतो शेकड्याला एकाच्या आसपास. असे पोलाद सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून झटकन थंड केले, की काचेसारखे कठीण होते. पण काचेसारखेच ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा हलकेच, सुमारे १५० ते २०० अंशांपर्यंत तापवतात. थोडा कठीणपणा जातो, थोडा चिवटपणा येतो, आणि दोहोंचा मेळ जमतो. वस्तऱ्याचे सगळे मोल या मेळात आहे. आपल्या देशाला ही विद्या नवी नव्हे. दक्षिण हिंदुस्थानातले वुट्झ पोलाद जगभर नावाजलेले होते. विजेच्या शोधांमुळे जो आपल्याला माहीत आहे, त्या मायकेल फॅरडेने सुद्धा १८२० च्या सुमारास जेम्स स्टोडार्ट या लंडनच्या कारागिराबरोबर या पोलादाचे प्रयोग केले होते. आणि आपल्या पोलादाचे वस्तरे करवून ते मित्रांना दिले होते. पोलादाची परीक्षा वस्तऱ्यात होते, हे त्यालाही ठाऊक होते.

आता हे दिलेले पाणी उतरते कसे? पुन्हा जास्त तापवले की. पात्याला ज्या उष्णतेवर नरम केले होते, तिच्या वर ते गेले की कठीणपणा ओसरू लागतो. २२० अंशांच्या आसपास घासलेल्या पोलादावर फिकट पिवळी, वाळल्या गवतासारखी झाक येते. पुढे ती तपकिरी होते, २८० च्या सुमारास जांभळी, आणि ३०० च्या जवळ निळी. वस्तऱ्याच्या कडेवर निळा रंग दिसला, तर त्या जागेचे पाणी उतरले असे खुशाल समजा. तो रंग पुसून टाकता येतो. गेलेले पाणी पुसापुशीने परत येत नाही. आणि खरी फसवणूक अशी की, रंग उमटायच्या आधीसुद्धा थोडे नुकसान होऊन गेलेले असते.

तुम्ही म्हणाल, ‘एवढ्याशा यंत्राने एवढी उष्णता येते कुठून?’ हिशेब करू. चार इंची चकतीचा ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो. चकतीच्या कडेचा वेग होतो ताशी २०० किलोमीटरहून अधिक. हातातले लहान यंत्र मिनिटाला ३०,००० फेरे घेऊ शकते. त्याला २५ मिलिमीटर व्यासाचे चाक लावले तर कडेचा वेग ताशी सुमारे १४० किलोमीटर पडतो. उलट दगडावर हाताने वस्तरा फिरवताना वेग ताशी एक किलोमीटरही भरत नाही, आणि दगडावर पाणी असते ते वेगळेच.

शिवाय उष्णता कुठे येते ते बघा. वस्तऱ्याची पाठ जाड, आणि धारेकडे पाते कागदासारखे पातळ होत गेलेले. या पातळ जागी धातूच इतका थोडा, की आलेली उष्णता सामावून घ्यायला जागा नाही. क्षणार्धात कड तापते, क्षणार्धात निवतेही. पाठीला बोट लावून माणूस म्हणतो, ‘अजून गारच आहे की!’ तोवर कडेचे पाणी उतरून गेलेले असते. मधूनमधून पाण्यात बुडवले तरी दोन बुडवण्यांच्या मधला अर्धा सेकंद पुरेसा असतो. यंत्रातून ठिणग्या उडतात त्या म्हणजे जळते पोलाद. कोयत्यावरून ठिणगी उडाली तर कोयत्याचे फारसे बिघडत नाही. वस्तऱ्यावरून उडाली तर ती धारच उडाली म्हणायची.

हे झाले पाण्याचे. आता घाटाकडे वळू. वस्तरा घडवणाऱ्याने त्यात एक मोठी सोय करून ठेवलेली असते. पाते दगडावर आडवे ठेवले की त्याची पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात. कोन आपण धरायचा नाही. तो पाठच धरते. १६ मिलिमीटर रुंद पात्याला साडेचार मिलिमीटर जाडीची पाठ असली, तर धारेचा कोन आपोआप सुमारे १६ अंशांचा होतो. म्हणून नवशिक्यालाही, पाठ उचलायची नाही एवढे पथ्य पाळले तर, कोन चुकत नाही.

फिरत्या यंत्राचे चाक लहान आणि गोल. ते एका वेळी दोन-तीन मिलिमीटर जागेला लागते, आणि पाठीशी त्याचा काही संबंध राहत नाही. हात किंचित थांबला तिथे खळगा पडतो, पुढे सरकला तिथे उंचवटा राहतो. सरळ असायला हवी ती कड नागमोडी होते. मग ती दगडावर ठेवली तर उंचवटे तेवढे टेकतात, खळगे अधांतरी राहतात. ते एका रेषेत आणायचे म्हणजे सगळे पातेच खळग्यांइतके झिजवावे लागते. पात्याची रुंदी अशी गेली की पाठीचे आणि धारेचे प्रमाण बिघडते, कोन बिघडतो. वर्षानुवर्षांच्या दाढ्यांनी जेवढा वस्तरा झिजला नसता, तेवढा पाच मिनिटांत झिजतो.

आणखी एक भ्रम आहे. यंत्राने घासल्यावर कडेला पातळ पापुद्रा वळून उभा राहतो. अंगठा आडवा फिरवून पाहिले की तो बोचतो, आणि माणसाला वाटते, काय धार लागली! पण ती धार नव्हे, धारेचा आभास आहे. गालावर पहिल्याच फेऱ्यात तो पापुद्रा वळतो किंवा तुटतो, आणि मग राहते ती करवत. साबण, पाणी सगळे असूनही हजामत मात्र बिनपाण्याची होते! गालावर बारीक ओरखडे उठतात, रक्ताचे टिपके येतात, दोन दिवस आग होते.

इथवर वस्तऱ्याच्या नुकसानीचे बोललो. पण वस्तरा गेला तर गेला, माणूस शाबूत राहायला हवा. या यंत्राचा खरा धोका हाताला आणि डोळ्याला आहे.

वस्तऱ्याची कड फिरत्या चाकाच्या तोंडावर, म्हणजे चाक ज्या दिशेने येते आहे तिकडे तोंड करून धरली गेली, की चाक ती पकडते. तारेचा ब्रश आणि कापडी चाक यांची ही खोड विशेष. कापडी चाक दिसायला मऊ, म्हणून माणूस निर्धास्त असतो. सुऱ्या घडवणारे कारागीर मात्र आपल्या कारखान्यात याच चाकाला सर्वांत जास्त भितात. कड कापडात रुतली की पाते हातातून हिसकले जाते आणि ज्या दिशेला चाक फिरते त्या दिशेला फेकले जाते. त्यात वस्तरा म्हणजे बिजागरीचे हत्यार. सुरीची मूठ पक्की असते. वस्तऱ्याचे पाते मुठीत मिटते. झटका बसला की ते वळून बोटांवरच येते. एका हातात यंत्र, दुसऱ्या हातात वस्तरा. मोकळा हात उरतोच कुठे?

कापायच्या पातळ चकत्या बाजूने दाबल्या की फुटतात, आणि त्यांचे तुकडे त्याच वेगाने उडतात. ब्रशच्या तारा सुटून सुईसारख्या घुसतात. साधा चष्मा यासाठी पुरेसा नाही; बाजूंनी बंद असलेला संरक्षक चष्मा लागतो. हातमोजे घातले तर बरे, असे वाटते. पण फिरत्या यंत्रापाशी कापडी हातमोजा, लांब बाही, गळ्यातला टॉवेल, मोकळे केस, सगळेच घातक. चाक ते गुंडाळून घेते आणि हातही ओढून घेते.

जुन्या वस्तऱ्यांच्या मुठी कधी शिंगाच्या, कधी लाकडाच्या, आणि पुष्कळदा सेल्युलॉइडच्या असत. हे सेल्युलॉइड भडकन पेट घेते. पूर्वी चित्रपटांच्या फिती याच जातीच्या द्रव्याच्या करीत. २००३ साली पुण्यात अशा जुन्या फितींना आग लागून किती तरी दुर्मीळ चित्रपट कायमचे गेले, हे पुष्कळांना आठवत असेल. ती मूठ हातात धरून तिच्यावर ठिणग्यांचा पाऊस पाडणे म्हणजे काय, ते वेगळे सांगायला नको.

शिवाय धूळ. इंग्लंडातल्या शेफील्ड शहरात एके काळी साऱ्या जगासाठी चाकू, कात्र्या, वस्तरे तयार होत. तिथे कोरड्या दगडावर घासकाम करणारे कामगार तरुण वयातच छातीच्या रोगाने जात. दगडाची आणि पोलादाची बारीक धूळ त्यांच्या फुफ्फुसांत साठे. मोठाली चाके फुटूनही माणसे मरत. एका वस्तऱ्यापायी तुम्हाला तो रोग होईल असे मी म्हणत नाही. पण बंद खोलीत, तोंडाला काही न बांधता, पोरेबाळे भोवती जमली असताना हे काम करू नये, एवढे तरी त्यातून घ्यावे. आणि आपल्याकडे पावसाळ्यात ओटी ओली, हात ओले, वायर दोन ठिकाणी जोडलेली असते. विजेचा झटका हा त्यातच वाढीव.

दुखापत झालीच तर काय करावे, तेही सांगून ठेवतो. हरिहरेश्वरहून श्रीवर्धन अठरा-वीस किलोमीटर; वाहन मिळेपर्यंत वेळ जातो. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि हात वर उचलून ठेवा. हळद, राख, चहाची पूड भरू नका. बोट कापल्यावर ते वाकवता किंवा सरळ करता येत नसेल, तर आतली शीर नव्हे, स्नायूची दोरी तुटली असण्याचा संभव आहे. ‘रक्त थांबलं, आता बरं आहे’ म्हणून घरी बसू नका. गंजलेल्या हत्याराची जखम, म्हणून धनुर्वाताच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारा. डोळ्यात कण गेला तर चोळू नका. मध, दूध, तूप काही घालू नका. डोळ्यावर दाब न देता झाकण ठेवा आणि डॉक्टर गाठा. लोखंडाचा कण बुबुळावर राहिला तर तिथे गंजाचे कडे धरते.

यावर कुणी म्हणेल, ‘अहो, कारखान्यातसुद्धा वस्तरे चाकावरच घासतात. सोनार हेच यंत्र वापरतो, दातांचे डॉक्टरही वापरतात.’ शंका रास्त आहे. जर्मनीतल्या सोलिंगेनला वस्तऱ्याची पोकळ बाजू चाकावरच काढतात. पण ती चाके मोठी, त्यांच्यावर पाणी चालू, आणि चालवणाऱ्याच्या हाताला अनेक वर्षांचे वळण. शिवाय शेवटची धार तिथेही दगडावर आणि चामड्यावर हातानेच येते. दातांच्या डॉक्टरांचे यंत्र कधी तोंडात गेले असेल तर आठवा. त्याच्याबरोबर पाण्याचा फवारा चालू असतो. तो दाताचा जिवंत भाग भाजू नये म्हणून. म्हणजे ज्यांना यंत्र कळते ते आधी उष्णतेची तजवीज करतात. आपण घरी नेमकी तेवढीच विसरतो.

मग गंजलेल्या वस्तऱ्याचे करावे काय? आधी त्याची तपासणी करावी. मऊ कापड आणि शिलाईयंत्राचे तेल घ्या. पाते उघडून, धारेकडून बोट दूर ठेवून, पाठीकडून कडेच्या दिशेने हलके पुसा. तेल लावून रात्रभर राहू द्या आणि पुन्हा पुसा. वरवरचा तांबडा गंज बराचसा असाच निघतो. राहिलेल्यासाठी बारीक वॉटरपेपर, ६०० नंबरपासून पुढे १०००, २००० असा, तेलात भिजवून पाठ आणि बाजूंवर हाताने फिरवावा. त्या वेळी पाते सपाट लाकडावर ठेवलेले असावे, धार हवेत नसावी. काळे डाग राहिले तर राहू द्या. ते म्हातारपणाचे डाग आहेत. त्यांनी काम अडत नाही.

मग भिंग घेऊन धारेची कड बघा. गंजाने पाडलेली भोके कडेपर्यंत पोचली आहेत का? खाऱ्या हवेतला गंज सरळ आत खोल जातो. वरून सुईच्या टोकाएवढा दिसणारा ठिपका आत विहिरीसारखा असतो. अशी भोके कडेवर असतील, किंवा पात्याला कुठे बारीक चीर असेल, तर तो वस्तरा दाढीसाठी संपला. त्याला धार लावीत बसू नका. कितीही घासले तरी कड पुन्हा पुन्हा तुटेल, आणि ती गालावर तुटेल. तेल लावून, आठवण म्हणून जपून ठेवावा. यात कमीपणा काही नाही.

कड निर्दोष असेल तर धार हाताने लावावी. अगोदर दगड सपाट आहे ना ते बघा; मध्ये खोलगट झालेला दगड वस्तऱ्याला चालत नाही, मग विळीला तो कितीही चालत असो. साधारण १००० नंबरच्या दगडावर सुरुवात, मग चार-पाच हजारांचा, शेवटी आठ हजार किंवा त्यापुढचा. दगडावर पाणी. पाठ आणि धार दोन्ही टेकलेली, धार पुढे, हाताचे वजन जवळजवळ नाहीच. दुसऱ्या टोकाला गेल्यावर पाते पाठीवरून उलटवायचे, धारेवरून कधीही नाही. यानंतर चामड्याचा ताणलेला पट्टा. तिथे दिशा उलटी: पाठ पुढे, धार मागे. धार पुढे केलीत तर पट्टाही कापाल आणि धारही मोडाल. असे चाळीस-पन्नास फेरे पुरेत.

हाताच्या कामात वेळ जातो खरा. पण त्या वेळात हात शिकत असतो. कड दगडाला बरोबर लागली की आवाज बदलतो, पाण्याची बारीक लाट कडेपुढे सरकते, बोटांना ओढ जाणवते. चूक झाली तर ती एका फेऱ्यात एका केसाइतकीही होत नाही. पुढच्या फेऱ्यात सुधारता येते. यंत्रात चूक समजते तेव्हा ती होऊन गेलेली असते. ज्यांना हे स्वतः करायचे नसेल त्यांनी जुन्या जाणत्या नाभिकाकडे किंवा शिकलगाराकडे जावे. मात्र सायकल स्टँडवर चढवून पायाने चाक फिरवणाऱ्या धारवाल्याकडे वस्तरा देऊ नये. कात्री, सुरी, विळी यांसाठी तो उत्तम माणूस. वस्तरा त्याच्या चाकाचा विषय नव्हे.

धार लागल्यावर वस्तरा वापरायचा तो एकट्याने. हे मुद्दाम सांगतो, कारण हरिहरेश्वर दक्षिण काशी म्हणून ओळखले जाते. पितरांच्या कार्यासाठी इथे दूरदूरची माणसे येतात. तीर्थाच्या ठिकाणी क्षौर आले, लहानग्यांचे जावळ आले, म्हणजे वस्तरा आलाच. एकाच पात्याने अनेकांची डोकी करण्याचे दिवस आता गेले, आणि गेले ते बरे झाले. कावीळ पसरवणारा हेपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्ताच्या न दिसणाऱ्या डागातही, किमान ७ दिवस जिवंत राहतो. हेपॅटायटिस सी आणि एचआयव्ही यांचीही धास्ती असतेच. म्हणून जाणता नाभिक आता अर्धे ब्लेड घालायचा वस्तरा वापरतो आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे ब्लेड लावतो. जिलेटला पातळ ब्लेडच्या वस्तऱ्याचे पेटंट १९०४ साली मिळाले. धार लावायचीच नाही, टाकून द्यायची, ही त्यातली नवी कल्पना. तेव्हा खुर्चीत बसलात की, ‘दादा, ब्लेड नवं आहे ना?’ असे जरूर विचारा. चांगल्या कारागिराला त्याचा राग येत नाही. तो तुमच्यासमोरच कागद फाडून दाखवतो. वापरलेले ब्लेड मात्र यंत्रावर किंवा काचेवर घासून पुन्हा वापरण्याचा विचार कुणी करू नये.

वाढदिवसाला, गणपतीला म्हणून घरच्या वस्तऱ्याने दोघा-तिघांनी दाढी करणे, हेही तितकेच वाईट. आजोबांचा वस्तरा घरातल्या एकाने घ्यावा, आणि तो त्याचाच राहावा.

ठेवणीचे एक पथ्य आहे. दाढी झाल्यावर पाते पुसून कोरडे करा, मुठीच्या फटीतले पाणी काढा, तेलाचे बोट फिरवा. चामड्याच्या म्यानात घालून कपाटात टाकू नका; चामडे ओल धरून ठेवते आणि आतल्या आत गंज चढतो. खोबरेल घरात असते म्हणून तेच लावण्याचा मोह होतो, पण ते पुढे खवट होते. शिलाईयंत्राचे तेल बरे. पावसाळ्यात महिन्यातून दोनदा तरी उघडून बघावा. आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवावा, हे तर झालेच.

यंत्राशी माझे वैर नाही. कोयत्याच्या धारेतला मोठा दाता घालवायचा, गंजलेला खिळा कापायचा, गेटच्या लोखंडावरचा जुना रंग काढायचा, तर खुशाल यंत्र घ्या. चष्मा लावून, चकतीवरचे झाकण न काढता घ्या. तिथे थोडे जास्त घासले गेले तरी लोखंड शिल्लक असते. वस्तऱ्यात शिल्लक काहीच नसते. त्याची कड केसाच्या शंभराव्या हिश्श्याची, आणि त्याचे पाणी कुणा कारागिराने एकदाच दिलेले. गंज चढायला वर्षे लागतात आणि तो बराचसा काढताही येतो. पाणी उतरायला अर्धा सेकंद लागतो, आणि घरच्या घरी ते पुन्हा चढवता येत नाही.

तेव्हा पेटीतून वस्तरा निघाला, तर आधी तेलाची बाटली शोधा. यंत्राची वायर गुंडाळून फळीवर ठेवून द्या.